नाळ की पिछाडी? शिडाची बोट वळवण्याचे शब्द आणि त्यामागची कृती

शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वळणाचे सगळे शब्द या एका अडचणीतून निघाले आहेत. पश्चिमेचा वारा सुटलेला असताना नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधापासून पलीकडच्या पश्चिम काठाला जायचं असेल, तर सेमिनरी हिल्सचा चढ सायकलवाला जसा नागमोडी काढतो, तसंच जावं लागतं: थोडं उजवीकडून, थोडं डावीकडून, आणि प्रत्येक वळणाला वारा एका गालावरून दुसऱ्या गालावर. परत येताना वारा पाठीशी असतो, तरी वळणं चुकत नाहीत. म्हणून वळण्याआधी मनात एकच प्रश्न हवा. वाऱ्याच्या रेषेतून बोटीचं कोणतं टोक जाणार आहे, नाळ म्हणजे पुढचं टोक, की पिछाडी? नाळ गेली तर तो टॅक, पिछाडी गेली तर जाइब. मोठ्या जहाजावर नावं बदलतात, दोर शंभरावर जातात, पण प्रश्न हाच राहतो.

शब्दांबद्दल आधी थोडं. कोकणात डोलकाठी, परबाण (शीड ज्याला बांधतात तो दांडा), नाळ, सुकाणू, तांडेल हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. सुकाणू तर अरबी ‘सुक्कान’वरून आलेला. विदर्भात ढिवरांच्या डोंग्याला बांबू नाहीतर वल्हं पुरतं, शीड नसतं, त्यामुळे हे शब्द इकडे रुजले नाहीत. नांगर म्हटलं की आपल्याला शेत आठवतं, पाणी नाही. नागपुरात एनसीसीच्या नौदल शाखेत बोट शिकणारी मुलं टॅक, जाइब, शीट, टिलर असंच बोलतात. इथेही तेच शब्द घेतले आहेत आणि जिथे मराठी शब्द तोंडात सहज बसतो तिथे मराठी.

हातात काय काय असतं

दोन माणसांची लहान बोट धरू, एंटरप्राइज जातीची. लांबी सुमारे 4 मीटर, एक डोलकाठी, दोन शिडं. मागचं मोठं शीड मेनसेल, त्याच्या खालच्या कडेला आडवा दांडा तो बूम. पुढचं लहान तिकोनी शीड जिब. मागे सुकाणूचं पातं, त्याला जोडलेला हाताचा दांडा म्हणजे टिलर. पोटातून पाण्यात उतरणारी फळी सेंटरबोर्ड. बोट वाऱ्याने आडवी घसरू नये म्हणून ती असते.

नवशिक्याला हमखास फसवणारा शब्द ‘शीट’. शीट म्हणजे शीड नव्हे, शीट म्हणजे शीड ताब्यात ठेवणारा दोर. मेनसेलचा तो मेनशीट, जिबचे दोन जिबशीट, एक डावा एक उजवा. बैलाला कासरा तसा शिडाला शीट. हुकूम दोनच: खेच आणि ढील. ज्याने संक्रांतीला चक्री धरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पतंगासारखंच इथेही ढील जास्त झाली की शीड फडफडतं, खेच जास्त झाली की गुदमरतं. फडफड थांबेल इतकंच खेचायचं, त्यापुढे बोटभरही नाही.

दुसरा फसवा शब्द खुद्द ‘टॅक’. त्याला तीन अर्थ आहेत आणि तिन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात. शिडाचा पुढचा खालचा कोपरा म्हणजे टॅक. नाळ वाऱ्यातून फिरवण्याची कृती म्हणजे टॅक. आणि वारा कोणत्या बाजूने लागतो आहे ती स्थिती म्हणजेही टॅक: उजवीकडून वारा आणि बूम डावीकडे असेल तर बोट स्टारबोर्ड टॅकवर, उलट असेल तर पोर्ट टॅकवर. बोट कुठे वळली याचा या नावाशी संबंध नाही. गोंधळ झाला तर बूमकडे बघावं, तो ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचं नाव टॅकला असतं.

बाजूंची आणखी एक जोडी लागते. वारा येतो ती वाऱ्याकडची बाजू, जातो ती आडोशाची. बूम नेहमी आडोशाच्या बाजूला, माणसं बहुतेक वेळा वाऱ्याकडच्या बाजूला. डावं-उजवं वळणागणिक बदलत नाही, ही जोडी मात्र प्रत्येक टॅकला आणि प्रत्येक जाइबला उलटते. म्हणूनच दोन्ही जोड्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

वाऱ्याचे कोन

वारा येतो त्या दिशेला शून्य माना. तिथून दोन्हीकडे साधारण 45 अंशांचा पट्टा बंद. त्यात नाळ गेली की शिडं नुसती फडफडतात. या पट्ट्याच्या काठावर, शिडं घट्ट खेचून चालणं म्हणजे क्लोज हॉल्ड. वारा बरोबर 90 अंशांवर आला तर बीम रीच, सगळ्यात सोपी आणि वेगाची चाल. 135 च्या आसपास ब्रॉड रीच, आणि 180 ला वारा थेट पाठीशी, ती रन.

जुन्या जहाजांवर अंश नसून ‘पॉइंट’ मोजत. होकायंत्राचं वर्तुळ 32 पॉइंटांचं, एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा. आपली लहान बोट वाऱ्याच्या 4 पॉइंटांपर्यंत जाते. आडव्या परबाणांवर चौकोनी शिडं असलेलं जहाज 6 पॉइंटांच्या, म्हणजे साडेसदुसष्ट अंशांच्या आत येत नाही. फरक कागदावर लहान वाटतो, पण हिशेब करून बघा. वाऱ्याच्या दिशेने 1 किलोमीटर पुढे सरकायला 45 अंशांवर चालणाऱ्या बोटीला सुमारे 1.4 किलोमीटर पाणी कापावं लागतं, साडेसदुसष्टवर चालणाऱ्याला 2.6. वळणं दोन घ्या की वीस, हा आकडा बदलत नाही. वर बोट आडोशाकडे थोडी घसरते ती वेगळीच; त्या घसरणीला लीवे म्हणतात.

वळण पूर्ण न घेता नुसता कोन बदलायचा असेल तर दोन शब्द आहेत. नाळ वाऱ्याकडे चढवणे म्हणजे लफ, वाऱ्यापासून उतरवणे म्हणजे बेअर अवे. लफ करताना शिडं खेचत जायची, बेअर अवे करताना ढील देत जायची. टिलरचं उलटं असतं हे इथेच अंगवळणी पाडावं: टिलर बूमकडे ढकलला की नाळ वाऱ्याकडे चढते, बूमपासून दूर ओढला की उतरते. एकट्या सुकाणूवर भिस्त ठेवून बेअर अवे करायला गेलं आणि मेनशीट घट्टच राहिला, तर बोट कलते पण वळत नाही. मेनसेल पिछाडीला वाऱ्याखाली रेटत असतो, म्हणजेच नाळ वाऱ्याकडे चढवत असतो. आधी ढील, मग टिलर.

टॅक

टॅक सुरू करण्याआधी बोट क्लोज हॉल्ड आणि वेगात हवी, सेंटरबोर्ड पूर्ण खाली. बीम रीचवरून एकदम टॅक करायला गेलं तर 90 ऐवजी 135 अंश फिरावं लागतं आणि निम्म्यात दम संपतो.

टिलरवरचा माणूस आधी नवीन दिशेला पाणी मोकळं आहे ना ते बघतो. क्लोज हॉल्डवरून निघालेली बोट जवळपास काटकोनात वळते, तेव्हा वाऱ्याकडच्या खांद्यावरून सरळ बाजूला नजर टाकली की नवी दिशा दिसते. मग तो म्हणतो, “रेडी अबाउट!” जिबवाला आपला शीट खाचेतून मोकळा करून हातात धरतो, दुसऱ्या बाजूचा शीट गुंतलेला नाही ना पाहतो आणि मोठ्याने म्हणतो, “रेडी!” हे उत्तर आल्याशिवाय टिलर हलवायचा नाही. बूमखाली डोकं कोणाचं आहे हे विचारायची दुसरी वेळ मिळत नाही.

“ली-हो!” म्हणत टिलर बूमकडे ढकलायचा. सुरुवातीला हळू, मग जास्त. नाळ चढते, जिब फडफडू लागतं. जिबवाल्याची खरी परीक्षा इथे आहे. जुना शीट लगेच सोडायचा नाही. नाळ वाऱ्याच्या रेषेत आली की त्याच शिडात वारा उलटा भरतो आणि नाळ पलीकडे ढकलतो. तेवढा धक्का मिळू द्यायचा आणि मग सोडायचा. दोघेही बूमखालून पलीकडे जातात, तोंड पुढे करून. टिलरवाला टिलर पाठीमागून दुसऱ्या हातात घेतो. बूम डोक्यावरून गेला की नव्या बाजूला बसायचं, टिलर मध्यावर आणायचा, जिबचा नवा शीट खेचायचा. लहान बोटीत हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं.

काय चुकतं ते बघू, कारण टॅक शिकणं म्हणजे मुख्यतः हेच शिकणं. वेग नसताना वळवलेली बोट मधेच थांबते. टिलर झटक्यात टोकापर्यंत ढकलला तर सुकाणूचं पातं पाण्याला आडवं उभं राहतं आणि वळवण्याऐवजी ब्रेक लावतं. 30-35 अंशांपलीकडे ढकलून फायदा नाही. जिबवाल्याने उत्साहात नवा शीट लवकर खेचला तर जिब चुकीच्या बाजूने भरतं आणि नाळेला होती तिकडेच परत ढकलतं. उलट जुना शीट फार वेळ धरून ठेवला तर नाळ गरजेपेक्षा पुढे जाते, बोट आडव्या वाऱ्यात उघडी पडते आणि कलते. नव्या बाजूला पोचल्यावर टिलर मध्यावर आणायला विसरलं तरी हेच होतं. दर टॅकला 90 ऐवजी 120 अंश फिरणारी बोट काठावरून लांबूनही ओळखू येते: तिचा नागमोडी माग वाऱ्याकडे फारच कमी सरकतो.

नाळ वाऱ्यात, शिडं फडफडत, बोट ठप्प. या अवस्थेला ‘इन आयर्न्स’ म्हणतात, बेड्यांत अडकणं. घाबरून टिलर इकडे-तिकडे हलवण्यात अर्थ नाही. पाणी वाहत नसेल तर सुकाणू म्हणजे नुसती लोंबणारी फळी. काही क्षणांत बोट मागे सरकू लागते, आणि मागे जाताना सुकाणू उलटा चालतो: टिलर उजवीकडे तर नाळही उजवीकडे. याचाच उपयोग करायचा. बूम हाताने एका बाजूला बाहेर ढकलून धरा आणि टिलरही त्याच बाजूला ढकला. नाळ तिकडे उतरू लागली की टिलर मध्यावर आणा, बूम सोडा, मेनशीट हळूहळू खेचा. “दोन्ही ढकल, मग दोन्ही ओढ” एवढं लक्षात ठेवलं की पुरे. जिब असेल तर आणखी सोपं: जिबचा मागचा कोपरा हाताने उजवीकडे ताणून धरला की नाळ डावीकडे जाते.

जाइब

टॅकमध्ये चुकलं तर बोट थांबते. जाइबमध्ये चुकलं तर बूम डोक्याला लागतो किंवा बोट उलटते. कारण सरळ आहे. टॅकला नाळ वाऱ्यात असते, तेव्हा शीड रिकामं होऊन अलगद पलीकडे जातं. जाइबला वारा मागून, शीड शेवटच्या क्षणापर्यंत भरलेलं, आणि बूम एका बाजूच्या पार टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतो.

आधी बेअर अवे करत वारा जवळपास पाठीशी घ्या. जिब मेनसेलच्या सावलीत येऊन मलूल पडलं की समजा आता वारा थेट मागे आहे. सेंटरबोर्ड निम्मा वर घ्या: पूर्ण खाली असेल तर बूम गेल्यावर बोट फळीला अडखळून कलते, पूर्ण वर घेतला तर पकडच उरत नाही आणि बोट डुलू लागते. “स्टँड बाय टू जाइब!” उत्तर आलं की मेनशीट हातभर आत ओढा, टिलर बूमपासून दूर ओढा, “जाइब-ओ!” म्हणा आणि वाका. बूम हलू लागला की मेनशीटचे सगळे पेड एकत्र मुठीत धरून त्याला पलीकडे न्या, आपटू देऊ नका. बूम मध्यावर आला त्याच क्षणी टिलर मध्यावर, किंबहुना किंचित उलटा. हे राहिलं तर बोट नव्या बाजूला फिरतच राहते, वाऱ्याला आडवी होते आणि शीड पाण्याला टेकतं. मग पटकन ढील.

जाइब कधी करावा हे नवशिक्यांना नेहमी उलटं वाटतं. वेग कमी झाल्यावर नव्हे, वेग सर्वांत जास्त असताना करायचा. वारा 12 नॉटचा, बोट त्याच दिशेने 5 नॉटने पळते आहे, तर शिडाला जाणवतो फक्त 7 नॉटचा वारा. बोट मंदावून 2 नॉटवर आली तर तोच वारा 10 नॉटचा होतो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 49 आणि 100 मधला फरक: दुपटीहून जास्त. झोत येऊन बोट सुसाट निघाली की तीच वेळ. नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, हा हिशेब जवळ असू द्या.

न ठरवता झालेला जाइब सर्वांत वाईट. रन करताना वारा नकळत बूमच्याच बाजूने येऊ लागतो. आधी खुणा दिसतात: जिब आपोआप पलीकडे जातं, बूमचं टोक उचलल्यासारखं होतं, मेनसेलची मागची कड थरथरते. तत्काळ टिलर बूमकडे ढकला, थोडं लफ करा. मोठ्या बोटींवर बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत एक दोर ताणून बांधतात, त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. लहान बोटीत तो नसतो, म्हणून थेट पाठीशी वारा घेण्याऐवजी 160 अंशांवरच चालावं.

आणि वारा पाण्यावर पांढरा फेस काढू लागला असेल तर जाइब करायचाच नाही. ब्रॉड रीचवरून उलट बाजूने लफ करत जा, टॅक करा, मग पलीकडे बेअर अवे. 90 च्या जागी 270 अंशांचा वळसा पडतो, पण बूम फडफडत्या शिडासह जातो. यात कमीपणा नाही.

मोठ्या जहाजावर

भारतीय नौदलाचं ‘तरंगिणी’ 1997 मध्ये सेवेत आलं, तिच्या जातीचं ‘सुदर्शिनी’ 2012 मध्ये. दोन्ही गोवा शिपयार्डची, तीन डोलकाठ्यांची बार्क: पुढच्या दोन काठ्यांवर आडवी परबाणं आणि चौकोनी शिडं, मागच्या काठीवर बूमचं लांबट शीड, ज्याला स्पँकर म्हणतात. परबाणं ज्या दोरांनी फिरवतात ते ब्रेस. इथे टॅक म्हणजे एका माणसाची मनगटाची हालचाल नव्हे, डेकवरच्या सगळ्या मंडळींची कवायत. हुकमांचा क्रम असा चालतो.

“रेडी अबाउट!” सगळे आपापल्या दोरांवर. जहाजाला थोडं उतरवून पूर्ण वेग घेतात. “हेल्म्स अ-ली!” सुकाणू वाऱ्याकडे, पुढच्या तिकोनी शिडांचे शीट मोकळे, कारण ती नाळेला खाली रेटत असतात, स्पँकर मध्यावर ओढतात, कारण तो पिछाडी ढकलून नाळ चढवतो. नाळ वाऱ्याकडे येताच पुढच्या काठीची शिडं समोरून भरतात, म्हणजे उलटी होतात. ही चूक नाही, तेच हवं असतं: ती नाळेला पलीकडे रेटतात. वारा नाळेपासून जेमतेम एका पॉइंटवर आला की “मेनसेल हॉल!” मधल्या काठीची परबाणं एका झपाट्यात फिरवतात. त्या क्षणी ती शिडं पुढच्या काठीच्या आडोशाला असतात, म्हणून थोड्या हातांनी फिरतात. दोन-चार सेकंद उशीर झाला की तोच वारा त्यांना अडवून धरतो. नाळ पुरेशी पलीकडे गेली की “लेट गो अँड हॉल!” पुढची परबाणंही फिरली आणि टॅक पुरा झाला, 12 पॉइंट, 135 अंश.

नाळ मधेच अडली तर ‘मिस्ड स्टेज’ म्हणतात. समुद्र खवळलेला असेल, वारा मंद असेल किंवा हात कमी असतील तर ती शक्यता मोठी. अशा वेळी उलटा रस्ता धरतात: ‘वेअरिंग’, म्हणजे पिछाडी वाऱ्यातून नेणं. स्पँकर गुंडाळतात, सुकाणू उतरणीला, परबाणं वाऱ्याबरोबर फिरवत नेतात. वळण 20 पॉइंटांचं, 225 अंश, आणि तेवढ्या वेळात जहाज बरंच आडोशाकडे घसरतं. आडोशाला खडक असतील तर ती जागा कुठून आणायची हाच प्रश्न. तेव्हा टॅकसारखी सुरुवात करून, जहाज थांबवून, मागे चालवत पिछाडीवर फिरवण्याची युक्ती होती, बॉक्स-हॉलिंग. आणि तीही जमेना तर क्लब-हॉलिंग: आडोशाकडचा नांगर टाकून नाळ त्याच्याभोवती झटक्यात वळवायची आणि साखळी किंवा दोर तोडून निघायचं. नांगर गेला तरी जहाज वाचतं.

आपल्याकडच्या जुन्या तिरप्या परबाणाच्या गलबतांची गोष्ट वेगळी. परबाण लांब, शीड डोलकाठीच्या एका बाजूला. टॅक करायचा तर ते सगळं लाकूड वाऱ्यात काठीपलीकडे न्यावं लागतं. म्हणून अशी गलबतं सहसा पिछाडीच वाऱ्यातून नेत: परबाण उभं करून, शीड काठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला. आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराब नावाच्या मोठ्या लढाऊ जहाजांना ओढून हव्या कोनात आणत.

सुकाणूचा हुकूम

जहाजावर आज ‘स्टारबोर्ड टेन’ म्हटलं की सुकाणूचं पातं 10 अंश उजवीकडे आणि नाळही उजवीकडे. पूर्वी असं नव्हतं. हुकूम टिलरचा असे, आणि टिलर उजवीकडे गेला की नाळ डावीकडे. चाक आल्यावरही ब्रिटिश जहाजांवर जुनीच भाषा चालू राहिली. 1912 मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ हा हुकूम झाला तो जहाज डावीकडे वळवण्यासाठी. ब्रिटनमध्ये ही पद्धत 1933 च्या सुरुवातीपासून बदलली. जुन्या नौकायुद्धांची वर्णनं वाचताना हे डोक्यात नसेल तर सगळं वळण उलटं दिसतं. लहान बोटीत मात्र टिलर अजून उलटाच असतो, म्हणून तिथे ‘डावीकडे’ कधी म्हणायचं नाही. ‘लफ’ आणि ‘बेअर अवे’ म्हणायचं.

थांबणं

शिडाच्या बोटीला ब्रेक नाही. थोडा वेळ थांबायचं तर बीम रीचच्या आसपास येऊन दोन्ही शीट सोडून द्या, शिडं फडफडत राहतील. जास्त वेळ थांबायचं तर ‘हीव्ह टू’: टॅक करा, पण जिबचा जुना शीट सोडू नका. जिब उलटं भरून नाळ उतरवू बघतं. मेनसेल थोडा ढिला आणि टिलर आडोशाकडे ठेवला की तो नाळ चढवू बघतो. दोघांच्या ओढाताणीत बोट जागच्या जागी हळू सरकत राहते. माणूस पाण्यात पडला असेल, शीड लहान करायचं असेल, नुसता डबा खायचा असेल, सगळ्याला हे उपयोगी.

समोरून दुसरी शिडाची बोट आली तर समुद्रावर टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला 12 वा नियम लागू. दोघांना वेगवेगळ्या बाजूंनी वारा लागत असेल तर पोर्ट टॅकवाल्याने बाजूला व्हायचं. एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्याने आडोशाच्याला जागा द्यायची. मागून गाठणाऱ्याने नेहमीच.

पाण्याआधी गच्ची

खडूने 2 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा, त्याच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांच्या रेषा मारून तो तुकडा भरून टाका. तिथे पाय ठेवायचा नाही. पाठीमागे काठी धरा, ती टिलर. मोकळा हात बूम, तो कायम आडोशाच्या बाजूला. एकाने हुकूम द्यायचे, एकाने चालायचं. प्रत्येक पावलाला मोठ्याने सांगा: मी कोणत्या टॅकवर, वाऱ्याकडची बाजू कोणती. वीस टॅक आणि वीस जाइब न अडखळता झाले की पाण्यावर डोकं मोकळं राहतं. लहान मुलांना दाखवायचं तर परातीत पाणी, पुठ्ठ्याचं शीड आणि समोर कूलर.

अंबाझरीसारख्या तळ्यावर

समुद्रावरचा वारा तासन्‌तास एका दिशेने वाहतो. तळ्यावर तो झाडांवरून, इमारतींवरून येतो, दर काही मिनिटांनी 10-15 अंश सरकतो. त्यासाठी दोन शब्द शिकून ठेवावेत. क्लोज हॉल्ड चालताना वारा मागे सरकला आणि नाळ आणखी वर चढवता आली तर ती लिफ्ट. पुढे सरकला आणि उतरावं लागलं तर हेडर. हेडर आला आणि काही सेकंद टिकला की टॅक करायचा, कारण तोच वारा दुसऱ्या टॅकवर लिफ्ट असतो. लिफ्टमध्ये मात्र मुकाट चालत राहायचं. काठाजवळ झाडांच्या आडोशाला शीड अचानक मरतं, तिथे टॅक करायला जाऊ नये. वेग नसतो, बेड्या पडतात.

अंबाझरीचा बांध पूर्वेला आहे. पावसाळी पश्चिमेचा वारा बोट बांधाकडे ढकलतो, आणि तिथे दगड आहेत. अशा काठावर मेनसेल लावून येणं म्हणजे धाव थांबवायला जागाच न ठेवणं. तीस-चाळीस मीटर अलीकडे लफ करून नाळ वाऱ्यात आणा, मेनसेल खाली उतरवा, सेंटरबोर्ड अर्धा वर घ्या आणि नुसत्या जिबवर हळू या. शेवटच्या दहा मीटरला जिबही सोडा. निघताना उलट अडचण: शिडं भरली की बोट दगडांकडेच सरकते, म्हणून आधी वल्ह्यांनी पुरेसं पाणी ओलांडून मग शिडं चढवायची.

एप्रिल ते जून दुपारनंतर ढग काळे होऊन वर चढताना दिसले की पाणी सोडा. त्या ढगांतून सुटणारा वारा कोणत्याही दिशेने येतो आणि पहिल्या मिनिटातच सर्वांत जोरात असतो. परवानगी, लाइफ जॅकेट आणि काठावर लक्ष ठेवणारा माणूस, या तिन्हींशिवाय तर उतरायचंच नाही. बोट उलटली तर काठ जवळ वाटला तरी पोहत सुटू नका. उलटी बोट तरंगते आणि लांबून दिसते.